रेडिचची गाडी आणि मद्रासचे भाग

स्कॉटलंडच्या पश्चिम भागांत बेन नेव्हिस नांवाचा पर्वत आहे. त्याच्या पायथ्याशीं फोर्ट विल्यम हें एक लहानसें गांव वसलेलें आहे. दरवर्षीं मे महिन्यांत ह्या गांवाच्या आसपासच्या ओढ्यांतून एक चमत्कारिक दृश्य पाहावयास मिळतें. पात्रांत शेवाळलेले धोंडे पडलेले असतात, वरून बहुधा पाऊस चालू असतो, आणि त्या धोंड्यांवरून एखादा मनुष्य मोटारसायकलीच्या पायट्यांवर उभा राहून, माणसाच्या चालण्याहूनहि मंद गतीनें वर चढत असतो. काठावर जमलेले प्रेक्षक त्याच्या वेगाकडे पाहत नाहींत. ते पाहतात त्याच्या पायांकडे. पाय एकदां जमिनीला टेकला कीं एक गुण गेला. वारंवार टेकला तर तीन गेले. आणि गाडी जागींच थांबली किंवा आडवी झाली तर पांच. अखेरीस ज्याचे सर्वांत कमी गुण गेले असतील तो विजयी. ह्या स्पर्धेला 'स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल' असें नांव असून तिचा आरंभ १९०९ सालीं झाला.

ह्या खेळाचें मूळ मोठें मजेदार आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं मोटारसायकल घाट चढेल कीं नाहीं, ह्याचीच लोकांना खात्री नव्हती. आपला माल टिकाऊ आहे हें दाखविण्यासाठीं कारखानदारांनीं आडरस्त्यांवरून लांब पल्ल्याच्या चाचण्या घेतल्या, आणि तेंच 'ट्रायल' हें नांव पुढें खेळाला चिकटलें. कांहीं वर्षांनीं रस्ते सुधारले, गाड्या सुधारल्या, घाट सहज चढले जाऊं लागले. तेव्हां संयोजकांनीं गाड्या रस्ता सोडून ओढ्यांत नेल्या. १९१४ सालीं यॉर्कशायरमध्यें आल्फ्रेड स्कॉट ह्या कारखानदारानें आपल्या कामगारांसाठीं अशीच एक स्पर्धा सुरू केली. ती त्याच्या नांवानें आजहि भरते.

अशा कामासाठीं लागणारी गाडी शर्यतीच्या गाडीहून सर्वस्वीं निराळी असते. तिला वेग नको, नेट पाहिजे. इंजिन अगदीं मंद फिरत असतांहि बंद पडतां कामा नये, म्हणून त्याचें फिरतें चक्र जड ठेवितात. पुढचें चाक एकवीस इंचांचें व अरुंद, म्हणजे धोंड्यावरून तें सहज वर चढतें. धुराची नळी पाण्यांत बुडूं नये म्हणून ती उंचावरून मागें नेलेली असते. बॅटरी, दिवे, जाड गादी, हें सारें काढून टाकलेलें. ठिणगी पाडण्याचें काम मॅग्नेटो करतो. आणि इतकें करूनहि ती गाडी पडते. आठवड्यांत वीस वेळां पडते. पडण्यासाठींच ती बांधलेली असते, असें म्हटलें तरी चालेल.

तिच्या जीर्णोद्धाराचें काम इतकें कठीण होऊन बसतें, तें येथेंच. शर्यतीची नामांकित गाडी बहुधा एखाद्या श्रीमंताच्या घरीं जपून राहते. ट्रायलची गाडी १९५० च्या सुमारास इंग्लंडमध्यें विकत घेई तो एखादा कारकून, गवंडी किंवा शेतकऱ्याचा मुलगा. रविवारीं पहाटे तो तीच गाडी चालवीत स्पर्धेच्या जागीं जाई, दिवा काढून ठेवी, दिवसभर ती धोंड्यांवर आपटी, आणि संध्याकाळीं दिवा पुन्हां लावून त्याच गाडीवरून घरीं येई. पायटे थोडे मागें हवेत असें वाटलें कीं त्यानें सांगाड्याचा तुकडा कापून दुसरा झाळून बसविलाच. टाकी मोठी वाटली तर दुसऱ्याच गाडीची लहान टाकी चढविली. दोनतीन हंगाम झाले कीं गाडी विकली जाई, आणि नवा धनी पुन्हां आपल्या मनाप्रमाणें कापाकापी करी. अशी चाळीस-पन्नास वर्षें लोटल्यावर एखाद्या गोठ्यांत कोंबड्यांच्या विष्ठेनें माखलेली जी वस्तु सांपडते, तिचा सांगाडा एका गाडीचा, इंजिन दुसऱ्या गाडीचें आणि चाकें तिसऱ्याच कारखान्याचीं असण्याचा संभव पुष्कळ.

देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्यापुढें जो प्रश्न उभा राहतो, तोच येथेंहि राहतो. मूळ गाभारा यादवकाळचा, सभामंडप पेशवाईंतला आणि वरचा पत्रा कालचा. मग नीट करावयाचें तें कोणतें देऊळ? आणि दगड जरी खाणींतून पुन्हां आणतां आला, तरी बंद पडलेल्या कारखान्यांतला गिअर कोठून आणावा?

ह्या प्रश्नाला निरनिराळ्या गाड्यांच्या बाबतींत निरनिराळें उत्तर मिळालें. त्यांपैकीं एकाचा धागा थेट हिंदुस्थानापर्यंत येऊन पोहोंचतो, म्हणून ती हकीकत जरा विस्तारानें पाहण्यासारखी आहे.

बर्मिंगहॅमच्या दक्षिणेस रेडिच हें गांव पूर्वीं शिवणकामाच्या सुयांसाठीं प्रसिद्ध होतें. तेथल्याच एका सुया करणाऱ्या कारखान्यांतून पुढें सायकली आणि १९०१ पासून मोटारसायकली निघूं लागल्या. मध्यंतरीं एन्फिल्ड येथील सरकारी बंदुकांच्या कारखान्याला भाग पुरविण्याचें काम मिळालें, त्यावरून 'रॉयल एन्फिल्ड' हें नांव पडलें. आणि गाडी बंदुकीसारखी घडविलेली आहे अशा अर्थाचें ब्रीदवाक्यहि तिला जोडलें गेलें. 'बुलेट' हें नांव ह्या कारखान्यानें १९३२ पासून वापरलें. परंतु आज जिला लोक बुलेट म्हणून ओळखतात ती गाडी दुसऱ्या महायुद्धानंतरची.

१९४८ सालीं ह्या नव्या बुलेटचे पहिले नमुने रस्त्यावर आले, आणि तेहि दुकानांत येण्यापूर्वीं थेट चिखलांत उतरले. इंजिन ३४६ घन सेंटिमीटरांचें, सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर व दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर. त्यांत विशेष कांहीं नव्हतें. विशेष होतें तें मागच्या चाकांत. त्या काळीं ट्रायलच्या गाड्यांचें मागचें चाक सांगाड्याला घट्ट जखडलेलें असे. स्प्रिंग लावली कीं चाक उसळेल, जमिनीवरची पकड सुटेल, अशी अनुभवी स्वारांची समजूत होती, आणि ती समजूत सहजासहजीं जाणारी नव्हती. रेडिचच्या कारखान्यानें मात्र बिजागरीवर झुलणाऱ्या दोन भुजांवर मागचें चाक बसवून त्यांना तेल भरलेल्या स्प्रिंगांचा आधार दिला. पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. त्याच वर्षीं इटलींतील सान रेमो येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या स्पर्धेंत ब्रिटिश संघ विजयी झाला, आणि त्या संघांतील विक ब्रिटन व चार्ली रॉजर्स ह्या दोघांनीं बुलेटवर बसून सुवर्णपदकें मिळविलीं. आज जगांतल्या बहुतेक मोटारसायकलींचीं मागचीं चाकें भुजांवर झुलतात. तेव्हां नाकें कोणीं मुरडलीं हें कोणाच्या लक्षांतहि नाहीं.

विक ब्रिटनचा मुलगा जॉनी हा बापाहून सवाई निघाला. १९५२ आणि १९५७ ह्या दोन वर्षीं स्कॉटलंडची सहा दिवसांची स्पर्धा त्यानें जिंकली. त्याच्या बुलेटचा 'एच एन पी ३३१' हा क्रमांक इंग्लंडमधील ह्या खेळाच्या शौकिनांना आजहि तोंडपाठ असतो.

आतां ह्या गाडीच्या दुसऱ्या जन्माकडे वळावें लागेल. स्वातंत्र्यानंतर हिंदी सैन्याला सरहद्दीवरील गस्तीसाठीं दणकट मोटारसायकली हव्या होत्या, आणि त्या कामीं बुलेटची निवड झाली. मागणी वाढली तेव्हां १९५५ सालीं रेडिचच्या कंपनीनें मद्रास मोटर्स ह्या पेढीशीं भागीदारी करून 'एन्फिल्ड इंडिया' ही संस्था काढली. मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथें कारखाना उभा राहिला. आरंभीं विलायतेंतून आलेले भाग तेथें नुसते जोडले जात; १९५७ मध्यें भाग घडविण्याचीं अवजारें व साचे हिंदुस्थानांत आले, आणि थोड्याच वर्षांत संपूर्ण गाडी येथेंच तयार होऊं लागली.

ह्यानंतर दोन्हीं कारखान्यांच्या वाटा फुटल्या. रेडिचला स्पर्धा होती. तेथें दरवर्षीं कांहींतरी नवें काढावें लागे, आणि १९६० नंतर थोड्याच काळांत जुनी बुलेट तेथून नाहींशी झाली. मद्रासला परवान्यांच्या बंदिस्त बाजारामुळें स्पर्धाच नव्हती. गिऱ्हाइकें नांवें नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहत. त्यामुळें १९५५ सालचा विलायती नमुना फारसा फेरफार न होतां तसाच निघत राहिला. अर्थशास्त्र जाणणारे ह्याला दोष देतील, आणि त्या काळीं गाडीसाठीं तिष्ठत बसलेले लोकहि त्यांना दुजोरा देतील. परंतु जुन्या वस्तूंच्या दृष्टीनें हा दोषच उपकारक ठरला. १९६७ सालीं रेडिचचा कारखाना बंद झाला. १९७० सालीं ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन येथें उरलेलें कामहि थांबलें. जन्मदात्या घराला कुलूप लागलें, आणि दत्तक गेलेला मुलगा मात्र तिकडे त्याच घराण्याच्या चालीरीती पाळीत नांदत राहिला. १९७७ पासून मद्रासच्या बुलेट उलट इंग्लंडला निर्यात होऊं लागल्या. एकविसावें शतक उजाडलें तेव्हांहि बिडाच्या सिलिंडरचें तें जुनें इंजिन तिरुवोत्तियूरला तयार होतच होतें.

ह्याचा परिणाम असा झाला कीं, इंग्लंडमध्यें एखाद्यानें १९५० च्या सुमाराची बुलेट गोठ्यांतून बाहेर काढली, तर तिच्यासाठीं लागणारा दट्ट्या, झडपा, क्लचच्या चकत्या, गिअरचीं दांतेरीं चक्रें ह्या वस्तूंसाठीं त्याला भंगारवाल्यांचे उंबरे झिजवावे लागत नाहींत. पुष्कळ वस्तु मद्रासहून आलेल्या पेटींतून निघतात. त्याच वयाच्या दुसऱ्या एखाद्या विलायती गाडीच्या धन्याला हें भाग्य लाभत नाहीं.

मात्र ह्या पेटीवर आंधळा विश्वास ठेवून चालत नाहीं. मद्रासचा नमुना १९५५ चा. त्यापूर्वींच्या गाडींत अनेक ठिकाणीं थोडथोडा फरक आहे, आणि प्रत्येक भाग मोजून, प्रसंगीं कानस लावून बसवावा लागतो. शिवाय मद्रासला निघाली ती रस्त्यावरची बुलेट. तिची ठिणगी बॅटरी आणि कॉइलवर चालते. ट्रायलच्या गाडीला मॅग्नेटो पाहिजे. अॅल्युमिनमचा हलका सिलिंडर, वर नेलेली धुराची नळी, लहान टाकी, अगदीं मंद चालीचे गिअर ह्या गोष्टींची हिंदुस्थानांतील सैनिकाला किंवा फौजदाराला कधीं गरजच पडली नाहीं. त्यामुळें त्या येथें झाल्याहि नाहींत. म्हणजे गाडीचा तीनचतुर्थांश देह सहज मिळतो, आणि जें तिला ट्रायलची गाडी बनवितें तेंच नेमकें दुर्मिळ राहतें. २०१९ सालीं जॉनी ब्रिटनच्या गौरवार्थ ह्याच कंपनीनें हिंदुस्थानांत 'बुलेट ट्रायल्स' नांवाची गाडी विकावयास काढली होती. तिची नळी वर नेलेली होती, सांगाडा लाल होता. परंतु इंजिन नव्या घडणीचें असल्यानें जुन्या गाडीच्या धन्याला तिचा उपयोग कौतुकापलीकडे झाला नाहीं.

इतर गाड्यांचें दैव पाहिलें म्हणजे बुलेटचें भाग्य किती मोठें हें कळतें. लंडनच्या प्लमस्टेड भागांत 'ए जे एस' आणि 'मॅचलेस' ह्या गाड्या होत. ह्यू व्हायनीनें १९४७, १९४८ आणि १९४९ अशीं लागोपाठ तीन वर्षें ए जे एस वरून स्कॉटलंडची स्पर्धा जिंकली. १९६१ सालीं गॉर्डन जॅक्सन ह्यानें त्याच कारखान्याच्या गाडीवर साऱ्या स्पर्धेंत केवळ एक गुण गमावला, म्हणजे सहा दिवसांत त्याचा पाय फक्त एकदां टेकला. पांच वर्षांनीं, १९६६ मध्यें, ती कंपनी बुडाली. तिचें दत्तकविधान कोठेंहि झालें नाहीं. जुन्या गाड्यांच्या मालकांनींच संघ काढून, वर्गणी जमवून, लागतील ते भाग थोडथोडे करून घेण्याची व्यवस्था केली, म्हणून त्या गाड्या आज चालतात.

एरियलची कथा आणखी निराळी. बर्मिंगहॅमच्या सेली ओक भागांतील ह्या कारखान्यानें १९५९ सालीं आपलीं चार धांवांचीं सारीं इंजिनें बंद करून टाकलीं. पण त्यांचा स्वार सॅमी मिलर हा ५०० घन सेंटिमीटरांची जुनी एरियल सोडावयास तयार होईना. त्यानें ती गाडी अक्षरशः खरवडून काढली. जेथें लोखंड होतें तेथें हलकी धातु घातली, सांगाडा बदलला, आणि अखेरीस तिचें वजन सुमारें २४५ पौंडांवर आणलें. ह्या गाडीवर त्यानें १९६२ आणि १९६४ सालीं स्कॉटलंडला विजय मिळविला. 'जी ओ व्ही १३२' हा तिचा क्रमांक. पुढें १९६४ च्या अखेरीस तो बार्सिलोनाच्या बुल्टॅको कंपनीकडे गेला, तेथें दोन धांवांचें इंजिन असलेली सुमारें दोनशें पौंडांची नवी गाडी त्यानें तयार करून घेतली, आणि १९६५ सालीं तिच्यावर बसून स्कॉटलंड पुन्हां जिंकलें. त्या दिवशीं जड विलायती गाड्यांचें युग संपलें. जुन्या ट्रायल गाड्यांच्या स्पर्धांना आज इंग्लंडमध्यें 'प्री-सिक्स्टीफाइव्ह' असें नांव आहे, तें ह्या सालावरून.

गंमत अशी कीं, ज्यानें त्या युगाचा शेवट केला त्यानेंच त्याचे अवशेष सर्वांत अधिक जपले. हॅम्पशायरमधील न्यू मिल्टन येथें मिलरनें उभारलेल्या संग्रहालयांत शेकडो मोटारसायकली असून त्यांत ती एरियलहि आहे.

आणि बुल्टॅको? बार्सिलोनाचा तो कारखानाहि १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच बंद पडला. तिच्या धन्यांपुढें आज एक वेगळेंच संकट आहे. तिची टाकी कांचतंतु आणि रेझिन ह्यांची केलेली. हल्लींच्या पेट्रोलांत मद्यार्क मिसळलेला असतो, आणि तो त्या जुन्या रेझिनला हळूहळू विरघळवितो. टाकीची खळ कार्बुरेटरांत उतरते व इंजिन गुदमरतें.

आतां दुर्मिळ भाग मिळवावयाचा कसा, ह्याकडे वळूं. पहिली वाट बाजाराची. हॅम्पशायरमध्येंच ब्यूली येथें १९६७ पासून दरवर्षीं जुन्या मोटारींच्या भागांचा मोठा बाजार भरतो. मुंबईच्या चोरबाजारांत फिरलेल्या मनुष्याला तेथें परकें वाटणार नाहीं. गंजलेल्या वस्तूंचे तेच ढीग, तीच घासाघीस. एखादें झाकण शोधीत लोक वर्षानुवर्षें तेथें येत राहतात, आणि पुष्कळदां तें न घेतां, पण दुसऱ्या कोणाला हवी असलेली वस्तु बदल्याला ठेवण्यासाठीं घेऊन परततात.

दुसरी वाट कागदाची. कारखान्यांतून प्रत्येक गाडी बाहेर पडतांना तिच्या इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक, तारीख आणि कोणत्या विक्रेत्याकडे ती गेली, हें मोठ्या वह्यांतून लिहून ठेवीत. १९४६ सालीं इंग्लंडमध्यें जुन्या मोटारसायकलींच्या शौकिनांची 'व्हिंटेज मोटर सायकल क्लब' ही संस्था स्थापन झाली. तिनें आणि निरनिराळ्या गाड्यांच्या मालकसंघांनीं, कारखाने मोडले तेव्हां, अशा पुष्कळ वह्या वांचविल्या. सांगाड्यावरचा क्रमांक आणि वहींतली नोंद जुळली म्हणजे निदान आपण कशाची दुरुस्ती करीत आहों हें तरी कळतें.

तिसरी वाट म्हणजे भाग नव्यानें करणें; आणि खरी परीक्षा तेथेंच. साधा बोल्ट घ्या. व्हिटवर्थनें १८४१ सालीं ठरविलेल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा. पण सायकलीच्या धंद्यांतून मोटारसायकलींत आलेल्या आट्यांचा कोन ६० अंशांचा, आणि बहुतेक मापांत इंचास २६ आटे. एकाच गाडींत दोन्हीं जाती नांदतात. हल्लींच्या दशमान मापाचा बोल्ट घाईघाईनें लावूं पाहिला तर तो दोन वेढे निमूटपणें आंत जातो, आणि तिसऱ्या वेढ्याला पाऊणशें वर्षें टिकलेले आटे कापून टाकतो.

मॅग्नेटोचा रोग तर वैद्याला चकविणारा. गाडी थंड असतां एका लाथेंत सुरू होते. अर्धा तास चालली, तापली, कीं ठिणगी नाहींशी होते. पुन्हां थंड झाली कीं पुन्हां ठणठणीत. त्यांतील केसासारख्या बारीक तारेचे हजारों वेढे जुन्या काळीं लाखेच्या रोगणानें एकमेकांपासून अलग ठेवीत. ही लाख मुख्यतः हिंदुस्थानांतूनच विलायतेस जात असे. वर्षांनुवर्षांच्या उष्णतेनें आणि दमटपणानें ती मऊ पडते, वेढे एकमेकांशीं संगनमत करतात, आणि वीज जावयाची तेथें जात नाहीं. त्यांतच पोटांत दडलेला कंडेन्सर कुजलेला असतो. अशा वेळीं सारी तार उकलून नवी गुंडाळावी लागते, कंडेन्सर बदलावा लागतो, आणि क्षीण झालेल्या लोहचुंबकाला पुन्हां बळ द्यावें लागतें. हें काम जाणणारे कारागीर थोडे, आणि त्यांच्याकडे वस्तु दिली म्हणजे वाट पाहण्याची तयारी ठेवावी लागते.

ओतीव भागांची अडचण आणखी सूक्ष्म आहे. कारखाना बंद पडला कीं त्याचे लांकडी नमुने बहुधा भंगारांत किंवा जळणांत जातात. मग मनांत सहज येतें कीं, जुना फुटका भागच वाळूंत दाबून त्याच्या ठशांत नवी धातु ओतावी. तसें केल्यास भाग बसत नाहीं. ओतलेली धातु निवतांना आंखडते. बीड शेंकडा सुमारें एक, तर अॅल्युमिनम सव्वा भागाच्याहि थोडें वर. दोनशें मिलिमीटर लांबीचें अॅल्युमिनमचें झाकण असें केलें तर तें अडीच मिलिमीटरांनीं तोकडें पडेल, आणि बोल्टांचीं छिद्रें एकमेकांसमोर येणार नाहींत. म्हणून जुने नमुनेकार हें आंखडणें हिशेबांत धरून आंखलेली खास पट्टी वापरीत. त्या पट्टीवरचा इंच खऱ्या इंचाहून किंचित् मोठा असे. आज तेंच काम संगणक करतो. जुना भाग प्रकाशानें मोजून घेतात, आंकडे योग्य प्रमाणांत वाढवितात, यंत्राकडून प्लॅस्टिकचा नमुना थरावर थर चढवून करून घेतात, आणि मग वाळूचा साचा भरतात. साधन बदललें, पट्टीचें तत्त्व तेंच राहिलें.

परंतु साधन इतकें सुलभ झाल्यामुळें एक तंटा उभा राहिला आहे, आणि तो नुसता हौशी लोकांचा रुसवाफुगवा नाहीं. फोर्ट विल्यमच्या स्पर्धेच्या सुमारासच जवळच्या किनलॉखलेव्हन येथें जुन्या गाड्यांची स्पर्धा होते. तींत उतरणाऱ्या कांहीं गाड्यांवर नांव १९५८ चें असतें, पण सांगाडा नवा, सिलिंडर नवा, चाकांचे मध्य नवे, आंतलीं फिरतीं अंगें टायटॅनियमचीं आणि ठिणगी विजेच्या आधुनिक मंडलाची. जुनें काय उरलें, असा प्रश्न केला तर टाकीवरील अक्षरांकडे बोट दाखवावें लागतें. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, गाडी कारखान्यांतून जशी निघाली तशीच असावी. दुसरा पक्ष मिलरचें उदाहरण देतो. त्यानें आपली एरियल किती वेळां कापली? कारखाने स्वतःच आपल्या नामांकित स्वारांसाठीं क्रमांकाची पाटी तीच ठेवून खालची गाडी अंशाअंशानें बदलीत नव्हते काय?

हा मुद्दा खोटा नाहीं. ट्रायलची गाडी कापून हलकी करणें हें तिच्या धर्माला धरूनच आहे. त्या काळच्या मनुष्यानें त्या काळच्या कानशीनें जें केलें असतें, तें आज केलें म्हणून कोणाचें बिघडत नाहीं. बिघडतें तें अन्यत्र. जी धातु, जी घडण त्या काळीं अस्तित्वांतच नव्हती ती आंत दडवून वर जुनें नांव मिरविलें, कीं खऱ्या जुन्या गाडीवर बसलेला प्रामाणिक स्वार हरतो, आणि पुढच्या वर्षीं ती गाडी घरींच ठेवतो. त्याहून वाईट म्हणजे, नामांकित स्वारांच्या गाड्यांना मोठी किंमत येऊं लागल्यापासून नवा सांगाडा घडवून त्यावर जुना क्रमांक ठोकण्याची विद्याहि पसरली आहे. खोट्या नाण्यांप्रमाणें अशी गाडी एकदां संग्रहांत शिरली कीं पुढच्या अभ्यासकाला ती हुसकून लावणें कठीण जातें. म्हणून वहींतली नोंद आणि सांगाड्यावरचा ठोकलेला आंकडा ह्यांना इतकें महत्त्व आलें आहे. आणि चांगले कारागीर आतां आपण नव्यानें केलेल्या भागावर, दिसणार नाहीं अशा जागीं, स्वतःची खूण व साल कोरून ठेवूं लागले आहेत.

रंगाचीहि हीच गोष्ट. पुष्कळ जीर्णोद्धारक गाडीला असा कांहीं मुलामा देतात कीं, कारखान्याचा मालकहि ती पाहून लाजला असता. मूळ रंगाचा एखादा पापुद्रा जरी शिल्लक असला तरी तो तसाच राहूं द्यावा, टाकीला पडलेला पोंचा ठोकून काढूं नये, असें म्हणणारे लोक पूर्वीं थोडे होते. आज ते वाढत आहेत. तो पोंचा कोणत्या ओढ्यांत पडला हें जरी कोणाला ठाऊक नसलें, तरी तो खरा आहे.

अशी गाडी तीनचार वर्षांच्या खटपटीनंतर उभी राहते तेव्हां तिला प्रथम अंगणांत, मग एखाद्या उताराच्या शेतांत आणि मगच ओढ्यावर नेतात. बुलेटच्या गिअरबॉक्सला पायापाशीं एक लहानशी जादा दांडी आहे. गाडी कोणत्याहि वरच्या गिअरमध्यें असली तरी टाचेनें ती दाबली कीं गिअर सुटून चाक मोकळें होतें. रेडिचनें ती सोय केली, मद्रासनें ती पुढें कित्येक वर्षें तशीच चालविली. पाण्याच्या कांठाशीं थांबून स्वार ती दांडी दाबतो, इंजिन मंद चालीवर सोडतो, आणि त्याचा ठोका कानांनीं तपासून पाहतो. ती दांडी रेडिचला घडली कीं तिरुवोत्तियूरला, हें पुष्कळदां त्याचें त्यालाहि सांगतां येत नाहीं.